कोरडी सरी, फुटलेला पाट : उठेना झालेल्या पहिलारू गायीचे प्रकरण

ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. पाऊस तीन दिवस थांबायचं नाव घेत नव्हता. दुपारी तीनच्या आसपास करवीर तालुक्यातल्या भोगावतीकाठच्या एका गावातून फोन आला. "डॉक्टर, काल रात्री गाय व्याली. सकाळपास्नं दोन बाटल्या कॅल्शियम चढवलं, तरी उठंना झालीया. चुलतं म्हणत्यात पाय मोडलाय. येताय न्हवं?"

गाय होल्स्टीन संकरित, पहिलारू, वजन साधारण ४०० किलो. आदल्या रात्री साडेनऊला व्याली होती. खोंड मोठं होतं. डोकं आणि छाती बाहेर आली आणि कमरेत अडकलं. मग चौघांनी दोर लावून जवळजवळ पाऊण तास ओढलं. वासरू जिवंत निघालं, गाय थकून बसली. अकराच्या सुमारास तिला शेपटीला धरून उभी केली, तर मागचे दोन्ही पाय ओल्या कोब्यावर फाकले आणि ती उजव्या कुशीवर आदळली. रात्री पुन्हा उठवायला कुणी धजावलं नाही. सकाळी सातला पहिली बाटली, अकराला दुसरी. मी पोचलो तेव्हा ती उजव्या अंगावर सोळा तास पडून होती, मध्ये थोडा वेळ छातीवर बसवली होती तेवढाच काय तो बदल.

हे सगळं फोनवरच कळलं होतं. गाडीत बसण्याआधी मी केसपेपरवर एक शब्द लिहूनही टाकला : ऑब्ट्युरेटर. जन्ममार्गालगतून जाणाऱ्या एका मज्जातंतूचं हे नाव. मोठं वासरू, ओढाताण, फाकलेले पाय. शिकताना डोक्यात बसलेलं चित्र तंतोतंत जुळत होतं. तो शब्द दीड तासाने मला खोडावा लागला. हे प्रकरण लिहितोय ते मुख्यतः त्या खोडलेल्या शब्दासाठी.

आधी कॅल्शियमचं बघू, कारण पहिला संशय तिथेच होता आणि तो अगदी निराधार नव्हता. आपल्या भागात वर्षाचे कितीतरी महिने जनावरं उसाच्या वाढ्यावर असतात. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते आतड्यात कॅल्शियम बांधून टाकतं. व्यायल्यावर चीक आणि दूध सुटतं तेव्हा रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली जातं. पण दुग्धज्वराची गाय वेगळी दिसते. कान गार, नाकपुडी कोरडी, मान कुशीकडे वळवलेली, शेण बंद, डोळ्यांत गुंगी. शिवाय तो सहसा तिसऱ्या वेतापासून पुढच्या, भरपूर दुधाच्या गायींचा आजार आहे, पहिलारूला क्वचितच होतो. ही गाय माझ्याकडे टकामका बघत होती. कान कोमट, अंगाचं तापमान १०१.६ फॅरेनहाइट म्हणजे गायीला नेहमीचंच, शेण पडलेलं, आणि समोर टाकलेला मका ती पडल्या पडल्या खात होती. दोन बाटल्यांचं कॅल्शियम शिरेतून गेल्यावरही काही बदललं नव्हतं. तिसरी बाटली मी थांबवली. गरज नसताना शिरेतून दिलेलं कॅल्शियम हृदयाचे ठोके बिघडवतं, त्याने गाय जागेवर जाऊ शकते.

मालक साठीच्या पुढचे. ते सारखं म्हणत होते, "पाय मोडलाय वं, दुसरं काय न्हाई." मी गर्भाशयात हात घालून फाटलंय का पाहिलं, सड पिळून कासेचं दूध पाहिलं, गुदमार्गातून ओटीपोटाच्या हाडांवर हात ठेवला आणि पुतण्याला पाय गोल फिरवायला सांगितला. हाड मोडलं असेल तर हाताला करकर लागते, खुबा निखळला असेल तर फिरवण्यात अडथळा किंवा जास्तीची ढिलाई जाणवते. दोन्ही नव्हतं. घोट्यामागची जाड दोरीसारखी कंडरा ताणलेली होती, तिच्या वरच्या मांसात सूज नव्हती.

म्हणजे हाड शाबूत, खुबा जागेवर, अंगात ताकद, पोटात भूक. उरली नस, म्हणजे मज्जातंतू.

गावात 'शीर' हा शब्द रक्तवाहिनीला, कंडरेला आणि मज्जातंतूला, तिघांनाही वापरतात. 'शीर दबली' म्हणजे नेमकं काय हे म्हणून कधीच स्पष्ट होत नाही. मालकांना समजावताना मला उसाचं रान आठवलं. मी विचारलं, "मामा, रात्री दारं धरायला गेलात आणि सकाळी बघितलं तर चार सऱ्या कोरड्या. पाट कुठं फुटलाय ते कसं वळखता?"

"कंच्या सऱ्या कोरड्या हाइत ते बघायचं. सगळंच कोरडं आसंल तर वर फुटलाय. कडंच्याच आसतील तर तितल्या दंडाला भोक."

गायीच्या पायाची तपासणी याच हिशेबाने चालते. प्रत्येक नसेच्या वाटेला ठराविक स्नायू आणि ठराविक चामडी येते. कुठला स्नायू काम करत नाही आणि कुठली चामडी बधिर आहे, एवढं पाहिलं की इजा कुठे झाली ते बरंचसं कळतं.

गायीला कमरेचे ६ मणके, त्यामागे एकमेकांना जुळलेले त्रिकास्थीचे ५. मागच्या पायाचं सगळं पाणी, म्हणजे सगळ्या नसा, कमरेच्या शेवटच्या तीन आणि त्रिकास्थीच्या पहिल्या दोन मणक्यांच्या आसपास सुटणाऱ्या मुळांच्या जाळ्यातून येतं. या जाळ्यातून निघणाऱ्या वाटा मी केसपेपरच्या मागच्या बाजूला काढून दाखवल्या.

पुढून निघते ती फिमोरल नस. ती मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूला, म्हणजे चार तोंडांच्या क्वाड्रिसेप्सला जाते. हा स्नायू पोटाजवळचा खरा गुडघा ताठ ठेवतो. इथे एक घोळ आधीच मिटवतो : मागच्या पायाला लांबून दिसणारा, मागे टोक असलेला सांधा म्हणजे घोटा. खरा गुडघा त्याच्या वर, कुशीला लागून असतो, स्टायफल म्हणतात तो. फिमोरल गेली तर हा गुडघा वाकतो, पायावर भारच घेता येत नाही आणि आठ-दहा दिवसांत मांडीचा पुढचा भाग बसू लागतो. मांडीच्या आतल्या चामडीची संवेदनाही हिच्याच एका फांदीकडे असते.

दुसरी ऑब्ट्युरेटर. ही ओटीपोटाच्या हाडाच्या आतल्या अंगाने, अगदी जन्ममार्गाच्या भिंतीला लागून खाली येते आणि हाडातल्या भोकातून बाहेर पडून मांडीच्या आतल्या स्नायूंना जाते. दोन पाय एकमेकांकडे ओढून धरायचं काम त्या स्नायूंचं. मोठं वासरू अडकलं की ही नस हाड आणि वासरू यांच्यामध्ये चेपली जाते. म्हणून तिचं नाव माझ्या लेखणीतून आधी उतरलं.

तिसरी सायॅटिक, सगळ्यांत जाड. मुख्य पाट म्हणावा तर हाच. ओटीपोटातून बाहेर येऊन खुब्याच्या मागून, पुठ्ठ्याच्या स्नायूंखालून ती मांडीत उतरते आणि जाता जाता मांडीमागच्या स्नायूंना फांद्या देते. मग मांडीतच तिचे दोन दंड होतात. टिबियल मागे जाते, पोटरीला आणि खूर मागे वाकवणाऱ्या स्नायूंना. ती गेली तर घोटा खाली बसतो. पेरोनियल बाहेरच्या अंगाला वळते आणि गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला, हाडाच्या टोकावरून जाते. तिथे तिच्यावर चामडी आणि पातळ पडदा सोडला तर फारसं काही नसतं. नडगीच्या पुढचे स्नायू तिचे. ते घोटा पुढे उचलतात आणि बोटं सरळ करतात. ती गेली तर घोटा सरळसोट होतो आणि खुराची पुढची बाजू जमिनीला घासते, जणू गाय मूठ टेकून चालते. नडगीच्या खालची आणि खुरावरची पुढची चामडी बधिर होते.

आपण पंगतीत मांडी घालून तासभर बसलो की पाय बधिर होतो, उठताना पंजा लोंबतो. पुष्कळदा तीही पेरोनियलच असते, आपल्यातही ती गुडघ्याखाली बाहेरच्या हाडावर तशीच उघडी आहे. मालकांना हे लगेच पटलं.

आता प्रत्यक्ष तपासणी. वरचा पाय तपासता यावा म्हणून गाय आधी डाव्या कुशीवर घ्यायला हवी होती. पुतण्या तालमीत जाणारा. त्याने चार मित्र बोलावले आणि त्या पोरांनी ४०० किलोचं जनावर इतक्या अलगद पालटलं की गायीने ओरडाही केला नाही. उजवी बाजू वर आली तेव्हा पहिल्यांदा दिसलं : गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढी चामडी खरवडलेली, खाली गरम सूज.

गुडघ्याच्या वाटीखालच्या बंधावर टिचकी मारली, पाय झटकन सरळ झाला. फिमोरल चालू. मांडीच्या आत चिमटा घेतला, गायीने मान वळवली. घोट्याच्या मागे आणि खुराच्या मागच्या बाजूला चिमटा घेतला, पाय ओढून घ्यायची धडपड दिसली, वरचे सांधे वाकले, घोट्यात मात्र स्वतःचा जोर नव्हता. टिबियलची चामडी जागी. मग खुरावरच्या सांध्याच्या पुढच्या बाजूला चिमटा घेतला. काहीच नाही. आणखी जोरात घेतला. गाय रवंथ करत राहिली. डाव्या पायाला त्याच जागी हलका चिमटा घेताच लाथ आली.

कडेच्याच सऱ्या कोरड्या होत्या.

वासरू अडकून नस वरच, ओटीपोटात चेपली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं. सायॅटिकचं सगळ्यांत वरचं मूळ, कमरेच्या सहाव्या मणक्याचं, त्रिकास्थीच्या कडेखालून जातं आणि तिथे ते चेपू शकतं. पण मग मांडीमागचे स्नायू ढिले पडतात, टिबियलच्या वाटेवरही बिघाड दिसतो, पायाच्या मागची चामडीही मंदावते. इथे मागचं सगळं शाबूत होतं. पुढची बाजू तेवढी गेली होती आणि ज्या जागी पेरोनियल हाडावर उघडी पडते नेमकी तिथेच खरवडलेली सूज होती. ही इजा व्यायताना झालेली नव्हती. सोळा तास कडक कोब्यावर, एकाच कुशीवर, स्वतःच्या वजनाखाली झाली होती.

ऑब्ट्युरेटरबद्दल एक जुना अभ्यास इथे सांगायला हवा. अमेरिकेत कॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये गायींच्या या नसा शस्त्रक्रियेने कापून पाहिलं. दोन्ही बाजूंच्या ऑब्ट्युरेटर कापूनही गायी न घसरणाऱ्या जमिनीवर उभ्या राहू शकत होत्या. व्यायल्यानंतर उठता न येण्यामागे सायॅटिकच्या मुळाची इजा मोठी असते, हे त्या कामातून पुढे आलं. शिकताना मी हे वाचलेलं होतं. तरी फोन ठेवता ठेवता ऑब्ट्युरेटर लिहिलंच. व्यायल्यावर न उठणाऱ्या प्रत्येक गायीला हे नाव चिकटवायची सवय आमच्या व्यवसायात खोल आहे आणि ती जनावरांना महागात पडते. कारण दोष व्यायण्यावर गेला की पुढचे तास कुणी मोजत नाही. जनावर कुशीवर पडून राहतं आणि खरी इजा आपल्या डोळ्यांसमोर होत राहते.

तरी या गायीत ऑब्ट्युरेटरला थोडा धक्का असावा असं मला वाटतं. रात्री अकराला पाय फाकले तेव्हा पेरोनियलला काही झालेलंच नव्हतं. ओला कोबा हे एक कारण, पण पाऊण तासाच्या ओढाताणीत ती नस थोडी चेपली असणं अगदी शक्य आहे. माझा अंदाज असा : ऑब्ट्युरेटरला थोडी इजा झाली म्हणून गाय घसरली आणि पडली, घसरून पडली म्हणून पेरोनियल गेली. पहिली इजा किरकोळ, दुसरी टाळता येण्यासारखी.

उभं करण्याआधी जमीन बदलली. कोब्यावर पोरांनी गोठ्यामागची कोरडी माती आणून पसरली, वर हातभर उसाचं पाचट. मग कमरेच्या चिमट्याने, म्हणजे कमरेची दोन हाडं पकडून उचलायच्या साधनाने, गाय उचलली. उजवा खूर दुमडलेला, पुढची बाजू खाली. मी खाली बसून तो हाताने सरळ केला, तळवा जमिनीवर टेकवला आणि गायीने त्यावर भार घेतला. मालक पहिल्यांदा हसले. गुडघा धरणारी फिमोरल आणि घोटा धरणारी टिबियल दोन्ही काम करत होत्या, म्हणून खूर सरळ ठेवला की पाय खांबासारखा उभा राहिला. पाऊल उचललं की मात्र पुन्हा मुठीवर.

उपचार सांगतो तो साधा होता. सूज आणि वेदना कमी करणारं मेलॉक्सिकॅम, किलोला ०.५ मिलिग्रॅम या हिशेबाने. डायक्लोफिनॅकचा विषय मालकांनीच काढला, 'लवकर उतार पडतो' म्हणून. जनावरांसाठीच्या त्या औषधावर भारतात २००६ मध्ये बंदी आली, कारण औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे आणि गायीला पुरतं. ब जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली, पण बरं होण्याचं श्रेय मी त्यांना देणार नाही. इंजेक्शनं सगळी मानेत. पुठ्ठ्यात सुई मारायची सवय मला बघवत नाही. सायॅटिक तिथूनच जाते आणि बारक्या किंवा रोडावलेल्या वासरात तिच्यावर मांस किती असतं? चुकीच्या जागी गेलेल्या सुईने पाय कायमचा लुळा पडलेली वासरं मी पाहिली आहेत.

खरं औषध होतं कूस बदलणं. दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा. कुशीवर आडवी न ठेवता छातीवर बसवायची, दोन्ही बाजूंनी पाचटाच्या गठ्ठ्यांचा टेकू द्यायचा आणि प्रत्येक वेळी खालचा पाय बदलायचा. मी वेळा लिहून दिल्या. घरातल्या मावशींनी त्या गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहिल्या आणि झाल्या वेळेवर काट मारत गेल्या. शेती करणाऱ्या घराला दर तीन तासांनी गाय पालटणं म्हणजे काय, हे मला माहीत आहे. त्या घराने ते चार रात्री केलं.

मागच्या दोन पायांना, खुरावरच्या सांध्यांच्या वर, मऊ कापडाची बेडी घातली. मध्ये दीड-दोन फूट अंतर, फाकू नये म्हणून. उजव्या पायाला कापूस गुंडाळून चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याची अर्धी पन्हळ मागून बांधली, खूर दुमडू नये एवढ्यासाठी. दर दिवशी ती सोडून चामडी बघायची, कारण बधिर चामडीवर जखम झाली तर गाय सांगत नाही. चिमट्याने दिवसातून दोनदा उभी करायची, पण दहा-पंधरा मिनिटंच. गाय स्वतः भार घेत नसेल तर लगेच खाली. चिमट्यावर लोंबकळत ठेवलेल्या गायीच्या कमरेचं मांस चेंगरतं.

निघताना वासरू तपासलं. हे बहुतेक जण विसरतात. कमरेत अडकलेलं वासरू ओढताना त्याचीच फिमोरल ताणली जाते, मग दोन-तीन दिवसांनी 'वासरू एका पायावर बसतंय' म्हणून फोन येतो. दोन्ही गुडघ्यांवर टिचकी मारली, दोन्ही पाय झटकले. खोंड ठीक होतं.

तिसऱ्या दिवशी गाय शेपटीला थोडा हात लावल्यावर उठली. पाचव्या दिवशी पहाटे मावशी गोठ्यात गेल्या तेव्हा ती आपली आपण उभी होती. पन्हळ असताना चालणं बरं, सोडली की दमल्यावर खूर दुमडायचा. माती आणि पाचटावर पाय फाकणं दुसऱ्याच दिवशी थांबलं होतं, बेडी नवव्या दिवशी काढली. सोळाव्या दिवशी खुराच्या पुढच्या बाजूला चिमटा घेतला तर तिने पाय झटकला. चामडी जागी झाली होती. चोविसाव्या दिवशी पन्हळ काढली आणि ती अंगणातून गव्हाणीपर्यंत खूर न दुमडता गेली.

या दिवसांच्या हिशेबाला महत्त्व आहे. नसेच्या इजेचे तीन प्रकार सेडन यांनी १९४३ मध्ये मांडले, आजही तेच वापरतात. पहिल्यात आतला तंतू शाबूत असतो, त्याचं वेष्टण दुखावतं आणि संदेश अडतात. हे काही दिवसांत ते काही आठवड्यांत सुधारतं. दुसऱ्यात आतला तंतू तुटतो, नळी राहते. तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर. गुडघ्यापासून नडगीच्या स्नायूंपर्यंतचं अंतर धरलं तर कित्येक महिने. तिसऱ्यात नस पूर्ण तुटते, तिथे आशा फार थोडी. ही गाय २४ दिवसांत चालली आणि नडगीच्या पुढचं मांस बसलं नाही, म्हणजे इजा पहिल्या प्रकारची. पहिल्या दिवशी मला हे ठामपणे सांगता आलं नसतं. मी मालकांना एवढंच म्हटलं होतं की तीन आठवडे तिला वेळ द्या, विकायचा विचार त्याआधी नको. जनावर ज्या दिवशी पडतं त्याच दिवशी व्यापारी दारात येतो, आणि घाबरलेल्या घरात तोच शहाणा वाटतो.

शेवटच्या भेटीत व्यायण्याबद्दल बोललो. कालवड भरवताना ज्याची वासरं लहान निपजतात अशा वळूचं वीर्य मागा. कमरेत अडकलं तर नुसतं ओढू नका, वासराला अंगाभोवती थोडं वळवा म्हणजे त्याच्या कमरेची रुंदी गायीच्या हाडाच्या उंचीत बसते, आणि दोर मागे नको, खाली घोट्यांच्या दिशेला ओढा. दोघांच्या ताकदीने येत नसेल तर तिसरा माणूस लावण्याआधी फोन करा. आणि व्याल्यावर गाय उठली नाही तर रात्री दोनला सुद्धा कूस बदला.

मालकांनी गोठ्यातला कोबा फोडला नाही, त्यावर खाचा पाडून घेतल्या आणि व्यायच्या गायीसाठी एका कोपऱ्यात मुरुमाची जागा केली. पन्हळ काढल्यावर गायीच्या उजव्या खुराला पुढे एक घासलेला पांढुरका पट्टा होता, पहिल्या दिवसांत मुठीवर चाललेल्या पावलांचा. खूर महिन्याला साधारण ५ मिलिमीटर वाढतो. दिवाळीच्या वेळी दूध संस्थेजवळून जाताना तिला पाहिलं, तेव्हा तो पट्टा सेंटीमीटरभर खाली सरकला होता आणि वर नवा, काळा, नितळ खूर आला होता.